आधी भांडण, मग रंग

आमच्या बागेत एक पेंग्विन आहे. फायबरचा, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा, चोच वासून उभा. पोटावर पिवळ्या अक्षरांत ‘मला वापरा’ लिहिलंय. चोचीतून कचरा टाकायचा आणि मागच्या दारातून काढायचा, अशी मूळ कल्पना. पण मागचं दार आणि आतली बादली केव्हाच गेली, त्यामुळं वरून टाकलेलं कणीस थेट त्याच्या पायाशी येऊन पडतं. संध्याकाळी पोरं त्याच्या डोक्यावरून घसरतात. शेजारी बसायला म्हणून सिमेंटची दोन अळंबी आहेत. त्यांचा माथा उताराचा, त्यामुळं बसणारा दोन मिनिटांत आपोआप उठतो. फाटकापाशी मोठी अक्षरं आणि मधे लाल बदाम, फोटो काढायला.

मी चित्रकलेचा मास्तर. सगळी नोकरी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी पोरं तयार करण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून सकाळी याच बागेत फेऱ्या मारतो, आणि रोज पेंग्विनपाशी आलो की एकच प्रश्न मनात येतो: तुला कुणी मागितलं होतं बाबा? मी खरंच विचारत फिरलो. हास्य क्लबवाल्यांना, माळीमामांना, बाकावर पेपर वाचणाऱ्यांना. एकानंही मागितला नव्हता. विरोधही कुणी केला नव्हता. एका सकाळी तो टेम्पोतून आला आणि उभा राहिला.

तो परका आहे म्हणून माझा राग नाही. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली. आज ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, तिथल्या बागेच्या मधोमध. समुद्रापासून घाट चढून इतक्या आत तो देव आला, तो इथल्या कुणीतरी आणला, कुणीतरी जपला म्हणून. पेंग्विनला आणणारं कुणी नव्हतं. त्याला पाठवणारं होतं.

या पाठवण्याला आपल्याकडं ‘सुशोभीकरण’ म्हणतात. शब्द मला लग्नाच्या हॉलसारखा वाटतो. कागदावर एक ओळ असते, त्या ओळीत बसेल अशी वस्तू शोधली जाते. फायबरच्या प्राण्याला नगाप्रमाणं दर लावता येतो. गल्लीतल्या माणसांनी तीन महिने बसून काढलेल्या गोष्टीला दर कसा लावणार? मग प्राणीच येतात. जिराफ, डॉल्फिन, ससा. दोष एका खात्याचा नाही, एका गावाचा तर नाहीच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बागेत हाच पेंग्विन भेटेल.

कोल्हापुरात तो जरा जास्त टोचतो, एवढंच. आपण या गावाला कलापूर म्हणवतो. राजर्षी शाहूंच्या दरबारी असलेले आबालाल रहमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून पाण्यावरचा उजेड रंगवत. कारागिराच्या घरातले बाबूराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवता रंगवता मूर्ती घडवू लागले, मग कॅमेरा जुळवून चित्रपट काढू लागले, आणि ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव होऊन बसलं. हे सगळं आपण भाषणात सांगतो आणि बागेत मात्र कॅटलॉगमधला नग बसवतो. पण पूर्वजांची नावं घेऊन आजच्यांना लाजवणं हा आमच्या पिढीचा आवडता उद्योग आहे, तो इथंच थांबवतो. कारण बागेत कला आणायची म्हणून मी स्वतः जे केलं, ते पेंग्विनपेक्षा फार शहाणपणाचं नव्हतं.

झालं असं. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी मला उत्साह आला. बागेच्या मागच्या बाजूला तीसेक फुटांची भिंत आहे, कळकट. मी ठरवलं, ही पोरांकडून रंगवून घ्यायची. रविवारी सकाळी माझे जुने विद्यार्थी, त्यांची पोरं, कुणाकुणाच्या भाच्या असे पन्नासभर जण जमले. आकार मी आदल्या दिवशी खडूनं आखून ठेवले होते: झाडं, पाखरं, मधे पृथ्वी, तिच्याभोवती हात धरलेली मुलं. वडापाव झाला, फोटो झाले, पेपरात दोन ओळी आल्या. पहिल्या पावसाळ्यातच पृथ्वीला फोड आले. भिंतीच्या पलीकडं कमरेएवढी माती भरलेली आहे. तिची ओल विटांतून झिरपत होती आणि आम्ही तिच्यावर प्रायमरही न मारता रंग थापला होता. चाळीस वर्षं रंग शिकवलेल्या माणसानं ही चूक करावी! दुसऱ्या वर्षी पाखरांच्या जागी खारवलेल्या विटा दिसू लागल्या. तिसऱ्या वर्षी एका सकाळी येऊन बघतो तर सगळी भिंत चुन्यानं पांढरी केलेली आणि तिच्यावर एका मोहिमेची घोषणा, स्टेन्सिलनं. कुणी केलं, कुणाच्या हुकमानं, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

मला वाईट वाटायचं कारण घोषणा नव्हती. एकही माणूस ओरडला नाही, हे होतं. ज्या पोरांनी रंग भरले तीही रोज तिथूनच क्लासला जातात. एकानंही ‘सर, आपली भिंत पुसली’ असं येऊन सांगितलं नाही. ती त्यांची भिंत नव्हतीच. आकार माझे, विषय माझा, हात फक्त त्यांचे. चित्राच्या वहीत ठिपके जोडावेत तसे त्यांनी ते जोडले होते. पेंग्विन टेम्पोतून आला, माझी पृथ्वी माझ्या स्कूटरवरून आली. मधल्या माणसांना विचारायचं दोघांनीही टाळलं.

तेव्हापासून मी एका मतावर आलोय आणि ते जरा उद्धट वाटेल: बागेतल्या सार्वजनिक कलेची पहिली पायरी रंग नाही, बैठकही नाही. भांडण आहे. ज्या कामावरून गल्लीत आधी चांगलं कडाक्याचं भांडण झालेलं नाही, ते काम करू नये. कारण भांडताना माणूस आपली बाजू त्या जागेत गुंतवतो. नुसता टाळ्या वाजवायला आलेला माणूस काहीच गुंतवत नाही, म्हणून जाताना काही मागेही ठेवत नाही.

कोल्हापूरला हे नवं नाही. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा इथं भर चौकात उभा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात स्वातंत्र्यसैनिकांनी तो आधी विद्रूप केला, मग फोडला, आणि त्या जागी शिवाजी महाराज आले. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुल्यांचा आणि डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला, बाबासाहेब हयात असताना. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. ते स्वतः चित्रकार होते आणि आयुष्यभर भांडत राहिलेले होते. ते पुतळे अजूनही नुसती शोभा झालेले नाहीत, मोर्चा निघतो तो तिथूनच. विल्सनसाठी मात्र गावात कुणाचा जीव तुटला असेल असं वाटत नाही. तोही पाठवलेलाच होता.

भांडण उशिरा झालं की काय होतं, याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथं १९८१ साली रिचर्ड सेरा या नामवंत शिल्पकाराची गंजक्या रंगाची पोलादी भिंत एका सरकारी इमारतीपुढच्या चौकात उभी केली गेली. बारा फूट उंच, एकशेवीस फूट लांब. रोज कामावर येणाऱ्यांना तिला वळसा घालून जावं लागे. चार वर्षांनी सुनावणी झाली. गंमत म्हणजे बोलणाऱ्यांत शिल्पाच्या बाजूनं बोलणारेच जास्त होते. तरी १९८९ साली एका रात्रीत ते कापून काढलं. कुणाचं बरोबर होतं यावर अजून वाद आहेत. मला त्यातलं एवढंच दिसतं की चौकात चालणाऱ्याला पहिल्यांदा विचारलं गेलं ते शिल्प उभं राहिल्यावर. तेव्हा त्याच्याकडं ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढे दोनच शब्द उरले होते. ‘जरा डावीकडं सरकवा’ म्हणायची वेळ गेली होती.

आता कुणी म्हणेल, भांडणं लावायची तर कोल्हापुरात त्यासाठी कलेची काय गरज? पेठापेठांतलं फुटबॉल आहे की. खरं आहे. पण याच गावात भांडून पुन्हा एकत्र काम करायची एक जुनी रीत आहे, ती म्हणजे तालीम, म्हणजे पेठेचा आखाडा, आणि मंडळ. गणपतीचा देखावा हा काय प्रकार आहे ते नीट बघा. जून-जुलैत विषयावरून हमरीतुमरी होते. मग वर्गणी, पावत्या, हिशेब फळ्यावर. कुणी सुतार, कुणी वेल्डर, कुणी लाइटवाला. जो तो आपलं काम आणतो. तारीख पुढं ढकलता येत नाही, चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला जिल्ह्यातून माणूस येतो, ते काही टेंडर काढून झालेले नाहीत. समूहानं कला करायची यंत्रणा परदेशातून शिकून यायची गरज आपल्याला नाही. ती गल्लीच्या कोपऱ्यावर कट्ट्यावर बसलेली असते.

तरीही बाग मंडळाच्या ताब्यात देऊन टाका, असं मी म्हणणार नाही. मंडळात कोण असतं? पुरुष. त्यातही अठरा ते पस्तीसचे. त्यातही एकाच गल्लीचे, बऱ्याचदा एकाच समाजाचे. बागेत कोण येतं? सकाळी गुडघे दुखणाऱ्या बायका, दुपारी चार घरची धुणीभांडी करून डबा खायला बसणाऱ्या मावश्या, संध्याकाळी पलीकडच्या मोहल्ल्यातली पोरं, रात्री अभ्यासाला दिव्याखाली बसणारा एखादा. जून २०२३ मध्ये या शहरानं मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक पाहिली. त्यानंतर तर मला बागेबद्दल फार वाटू लागलंय, कारण आडनाव न विचारता शेजारी बसता येईल अशा जागा मोजक्याच उरल्यात. तिथल्या भिंतीवर एकाच बाजूचा झेंडा चढला की दुसरा माणूस भांडत नाही. तो यायचा बंद होतो. मंडळाकडून रीत घ्यावी, सभासदांची यादी घेऊ नये.

मग बैठक तालमीच्या हॉलात घेऊन चालत नाही. हॉलात मावशी येत नाही. बैठक बागेतच, आणि एकदा नाही, तीनदा: सकाळी साडेसहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी साडेपाचला. कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे म्हणतात. आमच्या गल्लीनं ती भरलेली पाहिलेली नाही. तोवर झाडाखालची सभा काय वाईट?

दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. खडू घरी ठेवला आणि नुसतं विचारलं, इथं काय असावं? दुपारच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “चित्र कशाला पायजे सर? मी रोज हितंच जेवतो. पाठ टेकाय जागा द्या की.” आम्ही बागेत इतकी वर्षं फिरतोय, पण बागेतल्या एकाही बाकाला पाठ नाही, हे मला दिसलं नव्हतं. गुडघेवाल्या बायकांनी लगेच उचलून धरलं. भिंतीचा विषय तिथंच संपला. कला हवी तर पाठीच्या बाकाला करा, असा निकाल लागला. मी मनातून खट्टू झालो, हे कबूल करतो. भिंत मोठी दिसते, बाक दिसत नाही.

संध्याकाळच्या बैठकीत खरी जुंपली. तालमीच्या पोरांना बाकावर तालमीचं नाव आणि तिच्या फुटबॉल संघाच्या जर्सीचे रंग हवे होते. समोरच्या गल्लीतला एकजण उठला, “मग आमी ह्यावर बसायचंच न्हाई व्हय?” कुणीतरी माजी पदाधिकाऱ्याच्या नावाची फरशी सुचवली, त्यावर निम्मी बैठक हसली आणि निम्मी उठून गेली. दोन आठवडे बोलणं बंद. तोडगा काढला तो फौंड्रीत आयुष्य घालवलेल्या एका अण्णांनी. उद्यमनगरात ते मोल्डर होते. त्यांचं म्हणणं, नाव कुणाचंच नको; प्रत्येक घरानं एक वस्तू आणावी, तिचा ठसा वाळूत घ्यावा आणि बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतावा. ठशाच्या प्लेटा बाकाच्या पाठीला बसवाव्यात.

एका छोट्या कारखान्याच्या मालकानं सुट्टीच्या दिवशी शेड उघडून दिली. काळी, ओलसर, मुठीत दाबली की लाडवासारखी बसणारी मोल्डिंगची वाळू. अण्णांनी लोखंडी चौकटीत ती ठोकून सपाट केली आणि एकेकाला पुढं बोलावलं. कुणी झारा आणला होता, कुणी भोवरा, कुणी लाटणं, कुणी पान अडकित्त्यासकट. एका पोरानं क्रिकेटचा बॉल आणला, तो निम्मा दाबून उचलायचा असतो हे त्याला तीन वेळा सांगावं लागलं. अण्णांचा नियम एकच: “ज्या वस्तूला वाळूतनं वर यायला वाट न्हाई, ती घ्यायची न्हाई.” कोल्हापुरी चपलेची वेणी सगळ्यांना हवी होती, पण ती वाळू धरून वर आली आणि ठसा मोडला. शेवटी चपलेचा नुसता तळ घेतला, टाचेला झिजलेला. तो सगळ्यांत सुंदर उठलाय.

एक आजी पदराला बांधून पितळेचा बिल्ला घेऊन आल्या. त्यांचे यजमान शाहू मिल या कापडगिरणीत होते, त्यांचा नंबर त्यावर. १९०६ साली पाया घातलेली ती मिल बंद पडूनही दोन दशकं उलटून गेली. बिल्ला दाबून उचलला तर वाळूत आकडे उलटे. आजींचा चेहरा पडला. अण्णा म्हणाले, “आजी, थांबा. वाळूत उलटं तेच लोखंडात सुलटं.” दुसऱ्या दिवशी शेवटच्या लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या पात्रातलं, लोखंड आमच्या साच्यांत पडलं. एकेचाळीस प्लेटा ओतल्या, त्यातल्या चार, लोखंड मधेच थंड पडल्यानं, अर्धवट राहिल्या. नऊ इंच चौकोनी, पाऊण इंच जाड, एकेक साधारण सात किलोची. बिल्ल्याचे आकडे सुलटे आले.

मग पुढचं भांडण. लोखंड म्हटलं की भंगारवाला आलाच. गटाराची झाकणं जिथं टिकत नाहीत तिथं बिडाच्या प्लेटा कशा टिकणार? म्हणून प्रत्येकीच्या मागं ओतकामातच दोन कान ठेवले आणि ते काँक्रीटमध्ये सळीला बांधून गाडले. दोन पावसाळे झाले. प्लेटांना तांबूस गंज चढलाय. दिवाळीच्या आधी कुणीतरी जवसाचं तेल लावतं. कोण लावतं याची पाळी आहे, आणि पाळी चुकली की बोलणी खावी लागतात. माझ्या पृथ्वीसाठी कुणी कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही.

माझ्याच क्षेत्रातले मित्र यावर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दहाजणांनी मिळून चित्र ठरवलं की ते दहाव्या माणसाच्या अभिरुचीचं होतं. आबालालनी काय रंकाळ्यावर सभा घेतली होती? आक्षेप हलका नाही. समितीनं ठरवलेली कला बहुतेक वेळा गुळमुळीत असते. माझ्या भिंतीवरची हात धरलेली मुलं तरी काय वेगळी होती? ती तर मी एकट्यानंच ठरवली होती. म्हणजे गुळमुळीतपणा एकट्यालाही छान जमतो.

पण त्यांच्या मुद्द्यातलं खरं ते घ्यायला हवं. गल्लीनं जागा ठरवावी, कशाला हात लावायचा नाही ते ठरवावं, विषयावर भांडावं, साहित्य पुरवावं. रेषा मात्र ज्याचा हात तयार आहे त्यानंच काढावी. कुंभार गल्लीत मंडळ गणपती सांगायला जातं तेव्हा बसलेला की उभा, किती फुटी, मुकुट की पगडी हे सगळं सांगतं. डोळ्यांची आखणी सांगत नाही. तेव्हा सगळे गप्प उभे राहतात. तेवढी समज आपल्यात आहेच. आमच्या बाकावरही प्लेटा कशा मांडायच्या हे एका तरुण शिल्पकार मुलीनं ठरवलं. झारा वर की खाली यावर तिनं कुणाचं ऐकलं नाही आणि ते बरोबर केलं.

तिला आम्ही पैसे दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘समाजासाठी’ म्हणून कला महाविद्यालयांतल्या पोरांना फुकट राबवायची आपल्याकडं वाईट खोड आहे. मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, वडापाववाल्याला पैसे आणि चित्र काढणाऱ्याला प्रमाणपत्र. मीही त्या रविवारी तेच केलं होतं. मग शिकलेली पोरं लग्नाच्या स्टेजची फुलं रचत बसली तर नवल काय?

सामान्य माणसाला कलेतलं कळत नाही, हेही मला पटत नाही. कणेरीच्या मठावर सिमेंटच्या आकृत्यांचं ग्रामजीवन उभं केलंय. तिथं सहलीला आलेल्या शेतकऱ्याच्या मागं उभं राहून ऐका. बैल कुठल्या अंगाला झुकलाय, नांगराची मूठ कशी धरलीय, सुताराचा वाकस बरोबर आहे का, हे तो बारकाईनं तपासतो. ते शिल्प थोर आहे का हा प्रश्न बाजूला ठेवा. बघणारा तयार आहे. पेंग्विनपाशी तो तपासणार काय? त्यानं पेंग्विन पाहिलाय कुठं?

भिंतीच रंगवायच्या असतील तर त्यालाही रीत आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ पासून वस्त्यांबरोबर भित्तिचित्रं करण्याचं काम चालतं. तिथं चित्र आधी हलक्या, न विणलेल्या कापडाच्या चौकोनांवर रंगवतात. कुठला रंग कुठं ते आखून दिलेलं असतं. म्हातारी माणसं खुर्चीत बसून रंगवतात, तुरुंगातली माणसंही रंगवतात, आणि शेवटी ते कापड भिंतीला चिकटवतात. परांचीवर चढायची सक्ती नाही. आमच्या त्या रविवारी बायका खाली उभ्या राहून नुसत्या ‘पडशील रं’ एवढंच म्हणत होत्या, ते मला आठवलं. अर्थात रीत उचलली तरी ओल कापडातूनही येणारच. पलीकडची माती आधी हटवायला हवी. परवानगीही लेखी हवी, नाहीतर १९९५चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आपल्याच पोरांवर लागायचा. आणि पुतळ्याच्या वाटेला तर जाऊच नये. पुतळ्याला सरकारी मान्यता लागते, कला संचालनालय मातीचा नमुना बघतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळंच बाक, फरशी, पायऱ्या, नळाचा कठडा या साध्या जागा मोकळ्या आहेत. तिथं कुणाचा मान-अपमान अडकलेला नाही.

नदीकाठच्या एका पेठेतल्या बैठकीला मला बोलावलं होतं. तिथं कुणीतरी सुचवलं, बागेत एक दगडी खांब उभा करा आणि त्यावर पुराच्या रेघा घडवा. एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी, त्रेचाळीसची धोका पातळी, आणि वर २०१९ आणि २०२१. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतात, पण पंचावन्न फुटांच्या वर म्हणजे आपल्या अंगणात कुठवर, हे नव्या भाडेकरूला कळत नाही. पाथरवट गावात आहेत. लगेच विरोध झाला: घरांच्या किमती पडतील! खोलीभर माणसं उभी राहून भांडत होती. तो खांब अजून झालेला नाही. झाला तर शहरातली ती फार मोलाची कलाकृती असेल असं मला वाटतं, आणि नाही झाला तरी त्या रात्री तिथं जेवढं खरं बोललं गेलं तेवढं कुठल्या उद्घाटनात ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट आपण विसरतो. जे केलं ते कायम राहिलंच पाहिजे, असा हट्ट आपल्या परंपरेत कुठं आहे? रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते. गणपती दहा दिवसांचा. बागेतल्या प्रत्येक कामाला मुदत असावी, पाच वर्षं म्हणा. मुदत संपली की पुन्हा बैठक: ठेवायचं, दुरुस्त करायचं की विसर्जन. दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवशीच बाजूला काढलेला असावा. आम्ही वर्गणीचा पाचवा हिस्सा काढून ठेवला होता, त्यावरूनही कुरबूर झालीच, पण तेल त्यातूनच येतं.

मुदतीच्या याच तत्त्वावर मी मागच्या महिन्यात पेंग्विन काढायचा ठराव मांडला. मला वाटलं, एकमतानं होईल. तर पोरांनीच विरोध केला. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तो आमचा आहे, त्याच्यावरनं आम्ही घसरतो. मोठ्यांत लगेच दोन तट पडले. मावशींचं म्हणणं, कचरा पायाशी पडतो तो कोण गोळा करणार? अण्णा म्हणतात, चोच बिडात ओतून देतो, पण खाली बादलीला दार पाहिजे. मी अजून काढायच्याच बाजूला आहे. मंगळवारी साडेपाचला पुन्हा बसायचं ठरलंय, आणि पोरं म्हणे हात वर करून मत द्यायला येणार आहेत.